संपादकाविरुद्ध वर्गणीदार

पुष्पलता रामटेकेला राग यायला काही कारण लागत नाही, असं तिच्या पाळीतल्या बाया म्हणत. साफ खोटं. कारण लागे, आणि ते दरवेळी हजर असे. कळमेश्वरच्या कारखान्यात ती पंख्याचे रेग्युलेटर खोक्यांत भरी. मुकादम बायांना 'ए' म्हणून हाक मारी, तेव्हा ती हातातलं खोकं खाली ठेवी आणि नाव घेऊन बोलावल्याशिवाय पुन्हा उचलत नसे. हा राग ज्याला बिनकारणाचा वाटतो, त्यानं एक दिवस 'ए' होऊन पाहावं.

घरी ती आणि आई अंजनाबाई. वडील देवाजी गिरणीत होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच वर्षी त्यांनी एक बुद्धिबळाचा पट आणला आणि पुढं लेकीला खेळ शिकवला. "पटावर कोणी जात नाही पुसत वं, चाल पुसते," असं ते म्हणत. त्यांच्यामागं तेवढा पट राहिला.

नागपुरातल्या सदर भागातून 'पटावर' नावाचं मासिक निघे. शिशाचे खिळे जुळवून छापलेलं, ताजं असलं तर बोटाला शाई लागे. शेवटच्या पानांवर वर्गणीदारांचे पत्ते असत. कोणीही कोणालाही पोस्टकार्डावर चाल पाठवावी, त्यानं उलट टपाली उत्तर द्यावं. एकेक डाव दोन-दोन वर्षं चाले. पण सगळ्यांचा डोळा असे तो 'संपादकाविरुद्ध वर्गणीदार' या पानावर. संपादक मनोहरराव स्वतः एका वर्गणीदाराशी कार्डावर खेळत आणि डाव महिन्या-महिन्यानं छापत. जो त्यांना हरवील त्याचा फोटो आणि पूर्ण नाव मुखपृष्ठावर, असा त्यांचा शब्द होता. आजवर कोणी हरवलं नव्हतं.

पुष्पलता हरवायच्या बेतात आली होती. मासिकात तिचं नाव 'पी. रामटेके, कळमेश्वर' एवढंच येई, आणि मनोहररावांची कार्डं 'श्री. रामटेके' म्हणून येत. ती मुद्दाम दुरुस्त करत नसे. मुखपृष्ठावर पूर्ण नाव येईल तेव्हाच कळू दे सगळ्यांना. छापलेलं नाव, आईच्या हातात द्यायचं आणि मुकादमाच्या टेबलावर आपटायचं.

कार्डावर खेळणाऱ्यांची एक रीत असते. टपालाच्या खेपा वाचवायला पुढच्या चाली 'जर-तर' करून एकाच कार्डात लिहितात. कार्ड पेटीत पडलं की चाल मागं घेता येत नाही, म्हणून शहाणा माणूस जपून लिहितो. शहाऐंशी सालच्या श्रावणात पुष्पलतानं असं कार्ड टाकलं. 'वजिराचा शह. जर राजा कोपऱ्यात नेला, तर घोड्यानं मात. जर हत्ती मधे घातला, तर वजिरानं हत्ती मारून मात.' तिसरी वाट मनोहररावांना नव्हतीच. तिनं स्वतः आठवडाभर शोधून पाहिली होती.

पुढच्या महिन्यात अंक आलाच नाही. आला एक चतकोर कागद. 'पटावर' छापणं बंद. यापुढं ते कॉम्प्युटरवर! वर्गणीदारांनी सदरच्या कार्यालयात यावं आणि ताशी पैसे भरून पडद्यावर खेळावं. चालू डाव रद्द समजावेत.

"रद्द?" पुष्पलता अशी ओरडली की शेजारची कोंबडी खुराड्यात शिरली.

"काहून एवढी चिडून राहिली वं?" अंजनाबाई म्हणाल्या. "खेळच त होता."

"खेळ असता त हरला असता ना, माय! मात दिसली अन् पट उचलून पळाला."

मनोहरराव पळाले होते की नव्या यंत्राच्या नादात खरंच विसरले होते, कोण जाणे. विसरले असतील तर ते अधिक वाईट. पळणाऱ्याला निदान समोरचा माणूस दिसलेला असतो.

रविवारी ती एसटीनं नागपुरात आली आणि थेट सदर गाठलं. खिळ्यांची कपाटं कार्यालयाबाहेर काढून ठेवली होती, मोडीत द्यायला. आतल्या खोलीत एसी, दारावर पाटी: पादत्राणे बाहेर काढावीत. विहारात काढाव्यात तशा तिला चपला काढाव्या लागल्या, त्याचाही तिला राग आला.

मनोहररावांनी तिच्या मागं पाहिलं. "रामटेके साहेब नाही आले?"

"मीच रामटेके."

"नाही, म्हणजे... चाली कोण पाठवायचं? वडील?"

"वडील मरून पंधरा वर्षं झाले. चाली माह्या आहेत. मांडा डाव."

मनोहरराव वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत. ते हसले. "अहो, आता माझ्याशी कशाला? याच्याशी खेळा. हा मलासुद्धा रोज हरवतो."

"याले मी कार्ड नाही पाठवलं. तुम्हाले पाठवलं."

मग त्यांनी पडद्यावर डाव मांडला. राजा कोपऱ्यात नेऊन पाहिला, मात झाली. हत्ती मधे घालून पाहिला, मात झाली. शेवटी त्यांनी यंत्रालाच विचारलं. पडदा बराच वेळ लुकलुकला आणि यंत्रानंही हत्तीच मधे घातला.

"वा! अभिनंदन!" मनोहरराव म्हणाले. "थांबा, तुमचं नाव टाकतो." पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं उमटली. शेवटचं अक्षर मावलंच नाही.

"पूर्ण नाव पायजे. अन् मराठीत."

"याला मराठी येत नाही हो अजून."

"मग मुखपृष्ठावर कधी येते?"

"आता हेच मुखपृष्ठ!"

तेवढ्यात पुढच्या तासाचं गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं, मोटार पळवायचा खेळ खेळायला. मनोहररावांनी एक बटण दाबलं. नाव गेलं आणि त्या जागी मोटार आली.

"डोळ्यादेखत पुसलं माह्यं नाव!"

"अहो, पुन्हा टाकू की कधीही."

तिथं आणखी थांबली असती तर तिनं तो पडदा फोडला असता. ती चपला हातात घेऊनच बाहेर पडली आणि वाटेतल्या दुकानातून पोस्टकार्डांचा गठ्ठा विकत घेऊन घरी आली. शेवटच्या अंकातले सगळे पत्ते तिनं समोर घेतले. प्रत्येक कार्डावर शेवटच्या चाली लिहिल्या आणि खाली लिहिलं, 'संपादक हरले. हरवणारी बाई आहे. नाव पुष्पलता देवाजी रामटेके. मासिक बंद झालं तरी पत्ते आपल्यापाशी आहेत. डाव चालू ठेवा.' एक कार्ड मनोहररावांनाही लिहिलं.

अंजनाबाईंना वाचता येत नसे. "बापाचं नाव टाकलं का?" त्यांनी विचारलं.

"टाकलं."

"मंग टाक पेटीत."

वर्ध्याहून, गोंदियाहून, अचलपूरहून उत्तरं आली. एका वकिलानं बायकांनी बुद्धिबळ खेळण्याचे तोटे कळवले. त्याच्याशी तिनं लगेच डाव सुरू केला. मनोहररावांनी लिहिलं, 'असं जाहीर करायला नको होतं. आपसात मिटलं असतं. श्री. रामटेके यांना नमस्कार.'

श्री. रामटेके! समोर उभं राहून सांगितलं होतं याला! तिनं लगोलग कार्ड लिहिलं. 'जर हार मान्य असेल, तर पुष्पलता देवाजी रामटेके या नावानं तसं लिहून पाठवा. जर मान्य नसेल, तर नवा डाव. पांढरी तुमची, पहिली चाल कार्डावर, याच नावानं.' त्यांना तिसरी वाट राहिली का, ते तिनं पुन्हा वाचून पाहिलं. राहिली नव्हती.

आठवड्यानं कार्ड आलं. पत्त्याच्या बाजूला शाईनं, वळणदार अक्षरात: श्रीमती पुष्पलता देवाजी रामटेके. मागं प्याद्याची एक चाल.

"बापाचं नाव हाय का?" अंजनाबाईंनी विचारलं.

"हाय. हार नाही मानली पण अजून," पुष्पलता दातओठ खात म्हणाली आणि वडिलांचा पट मांडायला बसली.