माझा पक्षाघात आणि दत्तूचा व्यायाम

श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून, कन्या गोदावरी हिच्या विवाहास आज वर्ष पूर्ण झाले त्या निमित्ताने, हे निवेदन लिहितो. पक्षाघात मला झाला होता. त्यावरचा व्यायाम मात्र माझ्या मेहुण्याने केला.

निजामी अंमल संपून पाच-सहा वर्षे झाली असतील. आष्टीस आमच्या घरी गोदावरीचा विवाह ठरला आणि मुहूर्तास तीन महिने उरले असता माझा उजवा हात लुळा पडला. जीभ वाचली (पत्नीच्या मते येथे देवाचा अंदाज चुकला). डाव्या हाताने कन्यादान करणारा पिता शास्त्रात नाही. परतूरचे डॉक्टर आले, हात तपासून म्हणाले, "शास्त्रीबुवा, नुसत्या गोळीनं होणार न्हाई. हा हात रोज शंभरदा वर उचलायचा. मूठ मिटायची, उघडायची. बिलकुल खाडा न्हाई."

रोज शंभर आवर्तने, खाडा नाही. म्हणजे हे अनुष्ठानच झाले. आणि यजमान असमर्थ असेल तर तो संकल्प सोडतो, आवर्तने दुसरा करतो, फल यजमानास मिळते. परतूरच्या व्यापाऱ्यांसाठी मी जन्मभर असाच जप केला. एकाचीही तक्रार नाही. मेहुणा दत्तू आमच्याकडेच राही. त्यास पाटावर बसवून माझ्या नावागोत्राने संकल्प सोडला आणि शेजारी बसून मोजू लागलो.

"दाजी, एकशेआठ करू का?"

"कर. वरचे आठ देवाला."

पंधरवड्यात माझ्या हातास मुंग्या आल्या. मला फलप्राप्ती वाटली. वस्तुतः मी त्या हातावर निजलो होतो.

पत्नी म्हणाली, "अहो, दत्तू एका हातानं भरला हंडा आणू राह्यला. तुमचा हात हाय तसाच."

"फलास विलंब लागतो."

"लग्नाला लागत न्हाई."

महिन्याने डॉक्टर आले. "व्यायाम बराबर चालू हाय ना?"

"एकही खाडा नाही," मी सत्य सांगितले.

त्यांनी माझा हात उचलून सोडला. तो धपकन मांडीवर पडला. डॉक्टर चक्रावले, तेव्हा दत्तू नम्रपणे पुढे झाला. "डॉक्टरसाहेब, व्यायाम मी करू राह्यलो. दाजींच्या नावानं."

डॉक्टरांनी त्याचा दंड दाबून पाहिला आणि बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग वळून म्हणाले, "मंग कन्यादानही यालाच करू द्या."

दाराआड गोदावरी उभी होती. ती पाठ फिरवून आत गेली, तेव्हा डॉक्टरांचे ते वाक्य माझ्या मनास लागले.

दुसऱ्या दिवशी संध्या आटोपताच पत्नीने ज्वारीच्या पिठाची परात पुढे सरकवली. "मळा. उजव्यानं." प्रारंभी निम्मे पीठ माझ्या सोवळ्यावर जाई. तरी दोन महिने घरच्या भाकरीचे पीठ मीच मळले, आणि त्याखेरीज शंभरदा हात उचलला. आधी डाव्याच्या आधाराने, पुढे आधाराविना.

कन्यादानाच्या वेळी उजवा हात उठला. त्याने गोदावरीचा हात धरला आणि जावयाच्या हाती दिला. देताना मात्र तो असा कापू लागला की व्याह्यांनी डोळ्यांस उपरणे लावले. "बापाचं काळीज हाय हो," ते म्हणाले. मंडपात बायका मुसमुसू लागल्या. मला रडू आलेच नव्हते. हात मध्येच पडू नये, एवढीच चिंता होती. परंतु इतक्या सज्जनांस निराश करणे बरे नव्हे, म्हणून मग मीही रडलो.

वाचकहो, परमेश्वर तुमचे व तुमच्या घरच्यांचे हातपाय धडधाकट ठेवो, आणि तुमच्या लेकी सुखाने नांदोत.