कुंदाताईंचा रानकांदा

"श्वास घ्या… रोखून धरा… हलू नका," असं कुंदाताई फुलांना सांगायच्या. भोपाळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर हातात कॅमेरा आला, पेशंट बदलले, बोलणं तेच राहिलं. साकेत नगरातल्या आमच्या गल्लीमागे खडकाळ माळ होता. तिथे ही नागपूरची बाई सुती साडीत कोपरांवर पालथी पडून एखाद्या काडीला दम भरत असायची, आणि मी, त्यांची शेजारीण, पाण्याची बाटली घेऊन उभी. येणारेजाणारे थांबून बघायचे. लाज मला वाटायची, त्यांना कधीच वाटली नाही.

माघ सरत आला की त्यांचा पाय घरात ठरत नसे. पळसाकडे त्या ढुंकूनही बघत नसत. "त्याचे फोटो काढायला अख्खं गाव आहे. माझ्या कांद्याला कोण आहे?" कांदा म्हणजे रानकांदा. पावसाळ्यात चार पानं दाखवतो आणि मग जमिनीखाली दडी मारतो. वसंताच्या तोंडाशी, पान नाही काही नाही, नुसता उघडा दांडा वर काढतो. त्याला मातकट, माना खाली घातलेली फुलं, आणि तीही उन्हं उतरल्यावर उमलणार. मी एकदा म्हटलं, "ताई, याच्यापेक्षा आपली मेथी देखणी." त्या म्हणाल्या, "काहून? एक्स-रे काय मी देखणे चेहरे बघून काढत होते?"

आणि शिस्त तर विचारू नका. एक्स-रेच्या आधी साखळी, बांगड्या काढायला लावायच्या, तसं फुलाभोवतीचंही सगळं दूर करायचं. वाळकं गवत उपटायचं, गुटख्याच्या पुड्या उचलायच्या, खडे वेचायचे. "मधे काही आलं की निदान चुकतं," हे ठरलेलं वाक्य. कुणाचा पाय पडू नये म्हणून त्यांनी प्रत्येक कांद्याभोवती गोल दगड लावले. दगड लांबून दिसावेत म्हणून त्यांना गेरू फासला.

गेल्या वर्षी त्या माळावर गाड्यांचा तळ करायचं ठरलं. कुंदाताईंनी पालिकेच्या कचेरीत खेटे घालायला सुरुवात केली. शेवटी तिथले एक साहेब एवढं कबूल झाले, की कांद्यांच्या त्या कोपऱ्यात खरोखरच आपोआप उगवलेलं काही असेल तर तेवढा तुकडा सोडू, मी येऊन बघतो. त्या दिवसापासून कुंदाताईंच्या घशाखाली घास उतरेना. "नीलू, एवढं राहिलं नं, तर मला आणखी काही नको गं." ना मूल ना बाळ, नवरा कधीच गेलेला. वर्षातले हे दिवस तेवढे त्यांचे होते, आणि ते आता एका अनोळखी माणसाच्या हातात होते.

साहेब आले ते सकाळी. फुलं मिटलेली. त्यांनी गेरूची गोल आळी पाहिली आणि हसून म्हणाले, "मॅडम, ये तो आपकी क्यारियाँ हैं."

"नहीं साहब, जंगली प्याज है. अपने आप आता है." कुंदाताई कॅमेऱ्यातले फोटो एकामागून एक दाखवू लागल्या. प्रत्येकात साफ माती, गोल दगड, मधोमध दांडा. साहेब माणूस वाईट नव्हता. शांतपणे सगळे फोटो बघून म्हणाला, "मेहनत बहुत की है आपने. पर ये तो लगाया हुआ है."

तो गेल्यावर कुंदाताई गुडघ्यांवर बसल्या आणि दगड उचलून भिरकावू लागल्या. बाजूला टाकलेला कचरा ओंजळीने आणून परत पसरू लागल्या. पुड्या, काटक्या, वाळकं गवत, हाताला येईल ते. मग त्यांनी फोन लावला. "साहब, अब आइए. अब देखिए. बस एक बार." फोन कट झाला. त्यांनी पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. मी त्यांना उठवायला गेले तर त्या उठेनात. "मीच केलं गं हे," एवढंच म्हणत राहिल्या.

माळ खणायला मशीन आलं त्या सकाळी मी कुंड्या आणि खुरपं घेऊन धावले. "ताई, कांदे काढून घेऊ. घरी लावू."

"हात नको लावू. कुंडीत लावला की साहेब बोलला तेच खरं झालं नं."

माझं डोकंच फिरलं. मेलं ते खरंखोटं, कांदा तर जगेल, असं मी तोंडावर म्हटलं. त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या. मशीनने कोपरा सपाट केला.

दिवेलागणीला त्या माझ्या दारात आल्या. नखांत मुरूम, साडी मातीने माखलेली. तळहातावर एक कांदा होता, मशीनच्या दात्याने मधोमध फाटलेला. "कुंडी आहे नं गं अजून?"

होती. कांदा गेलेला आहे हे मला दिसत होतं, त्यांना तर माझ्याआधी दिसलं असणार. तरी मी माती भरली आणि त्यांनी तो आत ठेवला. पावसाळाभर त्या रोज येऊन मातीत बोट खुपसून बघत. मग तब्येत ढासळली आणि भाचा त्यांना नागपूरला घेऊन गेला. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "पाणी घालत जा. आणि उगवलं नाही, असं मला फोनवर कधी सांगू नको."

रविवारी त्यांचा फोन येतो. त्या विचारतात, मी म्हणते, पाणी घालते आहे. घालतेही.