डोळ्यांच्या बाकावरच्या बायका

मी सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. लैंगिक आजारांची खोली माझी. आमच्याकडे किस्से साठतात, कारण ते कुणाला सांगताच येत नाहीत! हसू आलं तरी आधी दार लावायचं. आणि खरं सांगू का, निम्म्या किश्शांत मी हसतही नसते. नावं बदलून सांगते.

*

बदलापूरजवळ जांभूळला बचत गटात बोलायला गेले होते. चित्रं दाखवली, सगळं समजावलं. "कुणाला काही विचारायचंय?" सगळ्या जमिनीकडे बघतायत.

मी निघाले, तेव्हा मात्र एकजण रिक्षापर्यंत सोडायला आली. कानाशी लागून म्हणाली, "मना नाय वो ताई, माझे धाकटे जावंला अंगावरून जातं. वास पण येतो." ती वळली तशी दुसरी आली. "ताई, माझं काय नाय. पन माझे मोठे जावंला..."

दोघी एकमेकींच्या जावा! तक्रार सेम टू सेम. दोघींना एकाच दिवशी बोलावलं, आणि दोघी आल्या, एकमेकींना सोबत म्हणून!

*

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारा एक कारखाना. सिंधी मालकीणबाईंनी बोलायची परवानगी दिली, पण अट घातली: मशीन बंद होणार नाही. मग काय, त्या खडखडाटात मी गळा फाडून ओरडतेय, "नवऱ्याला सांगा, निरोध वापर!" आणि नेमकी लाइट गेली. शेवटचे दोन शब्द अख्ख्या गल्लीने ऐकले!

मी पर्स उचलली. मालकीणबाई म्हणाल्या, "बैठो मॅडम! लाइट आने तक बोलो. अभी तो बराबर सुनाई दे रहा है."

*

त्या कारखान्यात सुनीता धागे कापायची. अंबरनाथच्या बुवापाड्यातली, पोटुशी. ऐकून घाबरली आणि तपासणीला आली.

आमच्या खोलीसमोर कुणी बसत नाही. बायका शेजारच्या डोळ्यांच्या ओपीडीतल्या बाकावर रुमाल डोळ्याला लावून बसतात. आमच्या शोभा सिस्टर खूण करतात, मग बायका हळूच आत येतात. त्या दिवशी सिस्टर चहाला गेलेल्या. डोळेवाल्यांनी सुनीताला धरून नेलं, तक्ता वाचायला लावला. माझ्याकडे आली ती चष्म्याचा नंबर घेऊनच!

"खरंच कमी दिसत होतं हो मॅडम!"

मी हसले. पण रक्ताचा रिपोर्ट आला आणि हसू पळालं. सिफिलिस. वेळेत उपचार झाले नाहीत तर बाळाला लागण, बाळ जायचीही भीती. इंजेक्शनने बरा होतो, पण नवऱ्यानेही घ्यायला हवं, नाहीतर त्याच्याकडून पुन्हा. हे सगळं तिला परत परत सांगितलं.

*

तिने मान डोलावली, इंजेक्शन घेतलं आणि शेजारणीचं ऐकलं. शेजारीण म्हणाली, असले आजार सार्वजनिक संडासातून येतात. सुनीता रोज फिनेल घेऊन वस्तीतले संडास घासू लागली. बुद्धविहारातल्या महिला मंडळाने तिचा सत्कार केला, शाल दिली, स्वच्छतेचा आदर्श म्हणून!

मला सांगायला आली. "आता तर परत होणार नाही ना मॅडम?"

हसावं की रडावं कळेना. "अगं, हा संडासातून नाही येत! नवरा कुठाय?"

"ते बोलतात, तू घेतलंस ना? घरात एकाने घेतलं की झालं."

*

नवरा एमआयडीसीत कामाला. मी फोन केले, त्याने कापले. घरी भाकरी थापतानाही माझ्या डोक्यात तेच. तिचं पोट चांगलंच दिसायला लागलं होतं. शेवटी मी तिच्यावरच चिडले. "सुनीता, ज्यांचा ज्यांचा संबंध आला त्या सगळ्यांनी औषध घ्यायचं. एकजण जरी राहिला तरी ते फिरून तुझ्याकडे येणार. बाळाचं काय करशील?"

ती उठून गेली. पुढच्या तारखेला आली नाही. शोभा सिस्टर म्हणाल्या, "पाठवली असेल माहेरी."

आणि एका सोमवारी दार ढकलून आत आली. मागे नवरा, कंपनीच्या युनिफॉर्मवर, नजर फरशीवर. त्याच्या मागे ओढणीने तोंड झाकलेली एक तरुण मुलगी.

"ही कोण?" मी विचारलं.



"ह्यांचं हिच्याकडे जाणं-येणं आहे," सुनीता म्हणाली. "आम्ही दोघांनीच घेऊन काय फायदा? तुम्हीच बोललात ना, एकपण राहायला नको. काल हिच्या घरी जाऊन बसले. येतच नव्हती."

शोभा सिस्टर बघतच राहिल्या. मी खुर्ची पुढे सरकवली, पण बस कुणाला म्हणू ते सुचेना. सुनीताने त्या मुलीला दंडाला धरून बसवलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"हिला पहिली द्या मॅडम. लय घाबरते सुईला."