भीमराव गुरुजी, सूर्य आणि झाडू

येरवड्यात भीमराव ओव्हाळ गुरुजींना कुणी काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, असं कधी घडलं नव्हतं. जातीचा दाखला कुठं मिळतो, पोरीला सायन्सला घालावं की कॉमर्सला, नागपूरची गाडी किती वाजता सुटते, काहीही विचारा. गुरुजी चष्मा कपाळावर सरकवत आणि लगेच सांगत. बहुतेक वेळा बरोबर सांगत. चुकीचं सांगितलं तरी इतक्या ठामपणे सांगत, की स्टेशनावर पोचलेल्या माणसाला वाटावं, रेल्वेनंच घोळ घातलाय.

याला कारण होतं. चौथीत असताना मास्तरांनी ग्रहणाचा प्रश्न विचारला आणि भीमरावानं बोट वर केलं. "खाली घे. तुला काय माहीत असणार?" मास्तर म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. त्याला उत्तर येत होतं. त्या दिवसापासून 'माहीत नाही' हे शब्द त्यानं टाकून दिले. पुढं डी.एड. झालं, महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात उभी नोकरी गेली, पण ते शब्द काही परत तोंडात आले नाहीत. त्यांच्याबरोबर 'चुकलो' हा शब्दही गेला, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते त्यांच्या बायकोच्या, शालनबाईंच्या ध्यानात होतं.

निवृत्तीनंतर गुरुजी दर रविवारी सकाळी बुद्धविहारात वस्तीतल्या मुलांचा वर्ग घेत. तसा तो त्यांच्या तरुणपणापासूनच चालू होता. वर्गाचा नियम एकच. उत्तर चुकलं तर उभं राहून मोठ्यानं 'माझं चुकलं' म्हणायचं आणि वर्ग सुटल्यावर विहाराचं अंगण झाडायचं. एखाद्या आईनं कुरकुर केलीच तर गुरुजी म्हणत, "माझी आई गोदाबाई, कॅम्पातल्या साहेबांची अंगणं झाडून तिनं मला शिकवलं. आपल्या माणसांनी दुसऱ्यांची अंगणं पुष्कळ झाडली. आता स्वतःच्या चुकीसाठी स्वतःचं झाडायला लाज कसली?" पोर झाडू लागलं की गुरुजी पायरीवर हाताची घडी घालून उभे राहत आणि शेवटी म्हणत, "कोपरा राहिला." कोपरा राहिलेला नसला तरी म्हणत.

हे अंगण सगळ्यांत जास्त वेळा कुणी झाडलं असेल, तर त्यांच्या स्वतःच्या मुलानं, रोहननं. घरचा म्हणून सूट नव्हती. उलट त्याला अवघड प्रश्न मिळत.

हाच रोहन चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. त्याला लघुपाटबंधारे खात्यात कारकुनाची कायम नोकरी लागली होती. ती सोडून त्याला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता. गुरुजींनी भर विहारात, पाहुण्यारावळ्यांसमोर त्याला ऐकवलं, "कॉम्प्युटर हे चार दिवसांचं खूळ आहे. ते बसलं की हा माझ्याच दारात भाकरी मागायला येणार. याला अक्कल असती तर कायमची खुर्ची सोडून खेळण्यामागे धावला असता का?" रोहननं बॅग भरली. आता तो एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, बिबवेवाडीत फ्लॅट घेऊन राहत होता, लग्नही झालं होतं. खूळ बसायचं नाव घेत नव्हतं. बुद्धपौर्णिमेला तो बायकोला घेऊन विहारात येई, वडिलांना लांबून "जय भीम" म्हणे, आईच्या हातची खीर खाई आणि जाई. शालनबाई महिन्यातून एकदा पीएमटीच्या बसनं डबा घेऊन बिबवेवाडीला जात. परत आल्या की गुरुजी पेपर वाचत असल्याचं दाखवत आणि विचारत, "बसला गर्दी होती का?" मुलाबद्दल त्यांना एवढंच विचारता येई. मुलाच्या आठवणीनं त्यांचा जीव तुटायचा, पण आपण चुकलो हे म्हणायचं कसं, ते त्यांना खरोखरच येत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या बुद्धपौर्णिमेलाही असंच झालं. रोहन आला, गेला, आणि संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली की पोखरणला अणुबॉम्बची चाचणी झाली. कुणी फटाके वाजवले. "बरा दिवस शोधला," एवढंच म्हणून शालनबाई भांडी घासायला बसल्या. पुढच्या रविवारी वर्गात बॉम्बशिवाय दुसरा विषय नव्हता. शेजारच्या समाधान रिक्षावाल्याची मुलगी मैत्री, चौथीतली, बोट वर करून उभी राहिली.

"गुरुजी, हा बॉम्ब सूर्यावर टाकला तर काय होईल?"

हे गुरुजींना कधी कुणी विचारलं नव्हतं. चष्मा मात्र सवयीनं कपाळावर गेला. "सूर्याचे तुकडे होतील," ते म्हणाले. "आपल्याला लगेच कळणार नाही. सूर्याचा प्रकाश इथं पोचायला आठ मिनिटं लागतात. आठ मिनिटं ऊन राहील. मग अंधार."

आठ मिनिटांचं खरं होतं, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. पोरं गार झाली. मैत्री खाली बसली आणि वर्ग सुटेपर्यंत खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघत राहिली.

बुधवारी शालनबाई पाणी भरून आल्या त्या हंडा न उतरवताच बोलल्या. "अहो, समाधानची पोरगी रोज पहाटे उठून ओट्यावर बसते. सूर्य येतोय का बघते. आला की मग दात घासते. काय सांगितलंत तिला?"

गुरुजींनी सांगितलं.

"खरंय का ते?"

"म्हणजे काय!" गुरुजी म्हणाले. त्यांनी हंडा उतरवून घेतला. पण जेवण झाल्यावर ते छत्री घेऊन ग्रंथालयात गेले आणि विश्वकोशाचा जाडजूड खंड उघडून बसले. दोन पानांतच सगळं कळलं. सूर्य दर सेकंदाला जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो, तेवढ्यासाठी माणसानं बनवलेल्या मोठ्यातल्या मोठ्या बॉम्बसारखे कोट्यवधी बॉम्ब एकदम फोडावे लागतील. एक बॉम्ब तिकडे पाठवलाच, तर तो पोचण्याआधीच वितळून वाफ होऊन जाईल. सूर्याला कळणारसुद्धा नाही. आणि यातलं बरंचसं त्यांना ठाऊक होतं! हायड्रोजनचा हेलियम होतो, हे त्यांनीच आठवीच्या पोरांकडून वर्षानुवर्षं घोकून घेतलं होतं. मुलीनं विचारलं तेव्हा क्षणभर थांबले असते तरी आठवलं असतं. पण थांबायचं कसं? थांबलं की मागून चौथीचा तो वर्ग हसे.

आता प्रश्न रविवारचा होता. विषयच काढला नाही तर पोरं विसरतील, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. दोन दिवस तो तिथंच होता. शनिवारी सकाळी दूध आणायला निघाले तर समोरच्या ओट्यावर मैत्री बसलेली, केस विस्कटलेले, डोळे पूर्वेकडे.

"गुरुजी, आला," ती म्हणाली.

रविवारी वर्ग भरल्यावर गुरुजी फळ्याकडे गेलेच नाहीत. मुलांसमोर उभे राहिले. "मागच्या रविवारी मी मैत्रीला जे सांगितलं," ते म्हणाले, "ते... माझं चुकलं." मग त्यांनी विश्वकोशातलं सगळं सांगितलं. बॉम्बची वाफ होते म्हटल्यावर पोरं हसली, आणि मैत्री सगळ्यांत मोठ्यानं हसली. कुणी गुरुजींना हसलं नाही. वर्ग सुटल्यावर गुरुजींनी कोपऱ्यातला झाडू उचलला. पोरं अवघडून पायरीवर थांबली. दोघंतिघं झाडू घ्यायला धावलीसुद्धा, पण गुरुजींनी दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते अंगण झाडलं. पाठ भरून आली, पण फार बरं वाटलं.

ही बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. शालनबाई ताट वाढत होत्या. आमटी वाढून झाल्यावर म्हणाल्या, "मला वाटायचं, तो शब्द तुम्हाला येतच नाही. येतो की. बिबवेवाडीलाही मराठीच बोलतात."

गुरुजी जेवले, हात धुतले आणि चप्पल घालून निघाले. शालनबाईंनी बसचे सुटे पैसे त्यांच्या हातावर ठेवले.

बिबवेवाडीची ती इमारत त्यांनी कधी पाहिली नव्हती. दोनदा पत्ता विचारावा लागला. दुसऱ्या मजल्यावर 'रोहन भी. ओव्हाळ' अशी पाटी होती. आपल्या नावातलं ते 'भी.' बघून ते तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग बेल वाजवली. दार रोहननंच उघडलं. वडिलांना बघून तो आधी घाबरला.

"आई बरीय ना?"

"बरी आहे." गुरुजी श्वास घेऊन म्हणाले, "सूर्यावर बॉम्ब टाकला तर सूर्याला काही होत नाही. मी पोरांना उलटं सांगितलं होतं. माझं चुकलं."

रोहनला काही उमगेना. "ते सांगायला एवढ्या उन्हाचे इथवर आलात?"

"नाही. कॉम्प्युटरचंही चुकलं. आणि चारचौघांत बोललो, ते सगळ्यांत जास्त चुकलं. झाडू आण."

"बाबा, काहीतरीच काय. आत या."

"नियम आहे. आण."

रोहन आत गेला. किती वेळ झाला तरी येईना. आला तेव्हा हातात झाडू होता आणि डोळे लाल होते. गुरुजींनी चप्पल काढली आणि वाकून दारापुढची फरशी झाडायला घेतली. जिन्याच्या कठड्यापर्यंत गेले, परत दाराशी आले, कचरा एका बाजूला लोटला. रोहन उंबऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. गुरुजींनी कंबर सरळ केली आणि त्याच्याकडे बघितलं.

रोहननं झाडलेल्या फरशीवरून नजर फिरवली.

"कोपरा राहिला," तो म्हणाला, आणि पुढं होऊन त्यानं वडिलांच्या हातातला झाडू काढून घेतला.