काडेपेटीचा काटकोन

आर्किटेक्टच्या परवान्याची परीक्षा देण्याची ती माझी शेवटची संधी होती. आणि मी टी-स्क्वेअर, म्हणजे रेघा मारायची काटकोनी पट्टी, पांढुर्ण्याच्या फलाटावर विसरलो! गाडी सुटल्यावर कळलं. नागपूरला उतरून थेट पेपर, आणि गाडी प्रत्येक सिग्नलला थांबून राहिलेली.

समोर संत्र्याच्या पेट्या ठोकणारा एक माणूस लाकडी पट्ट्यांचा भारा घेऊन बसला होता.

"कामून घामेजून राहिले, भाऊ?"

मी रडगाणं सांगितलं. त्यानं दोन सरळ पट्ट्या निवडल्या, एकीचं टोक दुसरीवर ठेवून खिळा अर्धाच ठोकला.

"काटकोन कसा पायता तुमी?"

"टी-स्क्वेअरनं," मी, होऊ घातलेला आर्किटेक्ट, म्हणालो.

तो हसलाही नाही. काडेपेटीनं एका पट्टीवर तीन मापं घेतली, दुसरीवर चार. मग दोन्ही खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर पाच काडेपेट्या भरेपर्यंत पट्टी सरकवली आणि खिळा पक्का केला.

"तुम्हीच का नाही बसत परीक्षेला?" मी विचारलं.

"मराठीत घेतेत काय?"

"नाही, इंग्रजीत."

"मंग तुमीच बसा."

पेपरात पहिलाच प्रश्न होता : बांधकामावर काटकोन कसा आखाल? मी पास झालो. उत्तर त्याचं होतं. इंग्रजी तेवढं माझं.