राखून ठेवलेला कोटा

लातूरच्या एका डीटीपीवाल्याने मला फसवलं. माझ्या अहमदपूरच्या क्लासच्या प्रश्नपत्रिका तो एआयकडून तयार करून देतो. त्याने तीन कंपन्यांचे पॅक घेतलेत. प्रत्येकाला आठवड्याची मर्यादा असते, आणि कुठे किती वापर झाला ते तो सकाळच्या चहाआधी बघतो. मी एकदा मशीनला 'नमस्कार' टाइप केलं, तर खेकसला, "रामराम कशाला घालायलात त्याला? तेवढ्यात एक गणित निघालं असतं!" ही काटकसर मला आवडायची. मीही फुकट काही सोडत नाही.

रविवारी मला दुसऱ्या दिवशीच्या सराव परीक्षेचा पेपर हवा होता. "तिन्ही संपले, सर," तो फोनवर म्हणाला. मी मोटारसायकल काढून थेट दुकान गाठलं आणि स्क्रीन वळवली. तिसऱ्या पॅकचा निम्मा कोटा शिल्लक होता.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"राखून ठेवलंय. कुणाची अडचण निघाली तर?"

"अहो भाऊ, उद्या नवा कोटा येतो. उरलेला वाया जातो!"

"जाऊ द्या. समदं रिकामं करून मला झोप लागत न्हाई."

लातुरात ज्याने टँकरची वाट पाहिली, तो शेवटची घागर सहजी उपडी करत नाही, हे मला कळतं. पण त्याने सरळ संगणक बंद केला. सोमवारी जुनाच पेपर द्यावा लागला. पोरांनी तो ओळखला आणि पालक माझ्या दारात भांडायला आले.

अडचण घेऊन मीच त्याच्यासमोर उभा होतो. मग तो कोटा कुणासाठी राखला होता, हे त्याने त्या पालकांसमोर येऊन सांगावं.