नलूने उतरवलेला सहावा भाग

नलू गेली, हे तिच्या धाकट्या भावाने, अविनाशने, फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होते. हातातलं पत्र टाइप करून संपवलं, मग रडले. तेराव्यानंतर तो बडोद्यातल्या अकोट्याहून एक खोकं घेऊन आला. "लताताई, ताईने यावर तुमचं नाव घालून ठेवलंय."

आत आमच्या कादंबऱ्या होत्या. आम्ही कॉलेजात असताना घरोघरी नवं केबल आलं होतं, त्यावर अंतराळयानाची एक परदेशी मालिका लागायची. तिच्यातून एका मालवाहू यानाची दुसरी मालिका निघाली. ती काही बडोद्यात दिसली नाही, पण तिच्यावरच्या कादंबऱ्या लहरीपुऱ्यात जुन्या पुस्तकवाल्याकडे मिळत. नलूच्या घरी आजोबांपासून सगळे शिकलेले. माझे वडील पादरा गावच्या एका ट्रकवर क्लीनर, आणि घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे आजही ताठ मानेने सांगते. पण दुसऱ्या वर्षी इंग्रजीत नापास झाले आणि घरी बसायचं ठरवलं. तेव्हा नलूने पहिला भाग हातात कोंबला. "डिक्शनरी उघडू नकोस. गोष्ट धरून चाल ने."

त्या यानावर एक मेकॅनिक होती, मजुराची पोर. कॅप्टन तिला नावाने हाकही मारत नसे. तिच्यासाठी मी पाच भाग वाचले. शेवटचा सहावा मिळेना. इकडे परीक्षेचा फॉर्म भरायला थोडेच दिवस उरलेले, आणि माझा धीर होत नव्हता… एके दुपारी नलूने दोनशे पानी वही आणून दिली. कुणाचं तरी पुस्तक मिळालं होतं, परत द्यायचं म्हणून उतरवून घेतलं, म्हणाली. तिच्या कलंडत्या अक्षरात, सोप्या इंग्रजीत. शेवटी मेकॅनिकच कॅप्टन होते. तीन दिवसांत वाचली, चौथ्या दिवशी फॉर्म भरला, पास झाले. शेवट जरा गोड आहे हो तुझ्या लेखकाचा, असं मी तिला चिडवलं होतं. "असू दे ने," ती म्हणाली, "त्याची मर्जी."

खोक्यात सहा पुस्तकं निघाली. सहाव्यावर नलूचं नाव आणि वही दिली त्याच वर्षीचा तिचा वर्ग. तिसऱ्या प्रकरणातच मेकॅनिक मरते, आणि कॅप्टन अहवालात तिला 'एक कामगार' एवढंच लिहितो.

अविनाश म्हणाला, तेव्हा ताई आठवडाभर कॉलेजला गेली नव्हती. काय लिहीत बसतेस म्हणून आई ओरडायची.

छापील सहावा भाग मी त्याला परत दिला. हा आमच्यातला नाही, म्हटलं. कपाटात पाच पुस्तकं आहेत, त्यांच्या शेजारी वही. तिच्यावर नलूने त्या परदेशी लेखकाचं नाव घातलं होतं… परवा त्याच्याखाली मी तिचं लिहिलं.